बेळगाव-निपाणीकरांनो, फिरत्या डिशचा खांब आधी ओळंब्यात आणा!

मोटर लावून एकाच डिशवर अनेक उपग्रह धरायचे, तर सगळा खेळ खांबाचा. तो जरा कलला तरी मधला उपग्रह लागतो आणि कडेचे हुकतात. मोटर शून्यावर ठेवून डिश खऱ्या दक्षिणेला रोखा. 25 डिसेंबरच्या आसपास बेळगावात दुपारी 12:32 च्या सुमारास ओळंब्याच्या दोरीची सावली बरोबर दक्षिणोत्तर पडते. ती गच्चीवर खडूने आखून घ्या. किती सोपं, किती अचूक! आपला रेखांश सुमारे 74.5 पूर्व, म्हणून 74 अंशांवरचा जीसॅट-18 जवळजवळ नाकासमोर, पण 71 अंश उंच. रिसीव्हरच्या यूसॅल्स या मोटर-सेटिंगमध्ये रेखांशासोबत अक्षांश भरा: बेळगावात 15.9, निपाणीत 16.4. मग 93.5 अंशांवरचा जीसॅट-15 आग्नेयेला सापडतो. त्यावरच्या डीडी फ्री डिशवर सह्याद्री आणि चंदना, दोन्ही वाहिन्या फुकट!