फ्लॅटमधली बिअर: एक पातेलं पुरतं

अमेरिका-ब्रिटनमध्ये धान्यापासून घरी बिअर करायला तीन मोठी भांडी, पंप आणि गॅरेज लागतं, असा अनेकांचा समज असतो. ४ लिटरांसाठी तो खरा नाही. मुख्य काम मॅशिंगचं (भरडलेलं माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअस पाण्यात तासभर भिजवून त्यातल्या स्टार्चची साखर करणं). त्याला ८-१० लिटरांचं पातेलं आणि जाळीदार पिशवी पुरते. पुलावात मसाल्याची पुरचुंडी सोडून मग काढतात, तसंच. ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी रूढ केलेली ही रीत. पैसे घालायचेच तर चांगल्या थर्मामीटरवर घालावेत. थोडं पाणी भराभर निवतं, म्हणून गॅस बंद करून पातेलं ब्लँकेटात गुंडाळावं. आंबवण्याच्या बरणीला एअरलॉक (आतला वायू सोडणारी, बाहेरची हवा अडवणारी झडप) हवाच, घट्ट झाकणाने बरणी फुटू शकते. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे.