वाहतूक सिग्नल इष्टतमीकरण

वाहतूक सिग्नल इष्टतमीकरण म्हणजे चौकातील वाहने व पादचारी यांचा एकूण खोळंबा, वाहनांच्या रांगा आणि अपघाताचा धोका कमीत कमी राहील अशा रीतीने सिग्नलच्या वेळा ठरविण्याची पद्धती होय. ही वाहतूक अभियांत्रिकीची एक शाखा आहे. सिग्नलमुळे रस्त्याची रुंदी वाढत नाही. उपलब्ध वेळेची वाटणी तेवढी बदलता येते. त्यामुळे एका दिशेला दिलेला प्रत्येक हिरवा सेकंद दुसऱ्या दिशेकडून घेतलेला असतो.

मूलभूत संज्ञा

सर्व दिशांना एकेकदा हिरवा दिवा मिळून क्रम पूर्ण होण्यास लागणाऱ्या वेळेस आवर्तनकाळ म्हणतात. ज्या दिशांना एकाच वेळी सोडले जाते, त्यांचा मिळून एक टप्पा होतो. रांग अखंड सुटत असताना एका तासात जास्तीत जास्त जितकी वाहने चौक ओलांडू शकतात, तो त्या दिशेचा संपृक्त प्रवाह होय. प्रत्यक्ष प्रवाह व संपृक्त प्रवाह यांचे गुणोत्तर म्हणजे प्रवाह गुणोत्तर. दिवा हिरवा झाल्यावर वाहने हलेपर्यंत आणि टप्पा बदलताना चौक रिकामा होईपर्यंत जो वेळ उपयोगात येत नाही, त्यास वाया जाणारा वेळ म्हणतात.

इतिहास

जगातील पहिला वाहतूक सिग्नल डिसेंबर १८६८ मध्ये लंडन येथे ब्रिटिश संसदेजवळ उभारण्यात आला. तो गॅसच्या दिव्यांवर चालत असे व पोलीस तो हाताने फिरवीत. काही आठवड्यांतच गॅसचा स्फोट होऊन तो बंद पडला. विजेवर चालणारे सिग्नल विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत प्रचारात आले. सिग्नलच्या वेळा गणिताने ठरविण्याचा पाया ब्रिटनच्या रस्ता संशोधन प्रयोगशाळेतील एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ मध्ये घातला. पुढे चौकांच्या साखळीसाठी ब्रिटनमध्ये 'ट्रान्सिट' हा संगणकीय कार्यक्रम तयार झाला. १९७० च्या दशकात प्रत्यक्ष वाहतुकीनुसार वेळा बदलणाऱ्या ब्रिटनमधील 'स्कूट' व सिडनीतील 'स्कॅट्स' या प्रणाली विकसित झाल्या.

वेबस्टरचे सूत्र

सर्वांत कमी सरासरी खोळंबा देणारा आवर्तनकाळ वेबस्टर यांच्या सूत्राने पुढीलप्रमाणे काढतात :

आवर्तनकाळ = (१.५ × वाया जाणारा वेळ + ५) ÷ (१ − प्रवाह गुणोत्तरांची बेरीज)

या बेरजेत प्रत्येक टप्प्यातील सर्वांत मोठे गुणोत्तर धरतात. एका आवर्तनात १० सेकंद वाया जात असतील, तर वेगवेगळ्या बेरजांसाठी आवर्तनकाळ असा येतो :

* ०.५ : ४० सेकंद
* ०.६ : ५० सेकंद
* ०.७ : सुमारे ६७ सेकंद
* ०.८ : १०० सेकंद
* ०.९ : २०० सेकंद

चौक क्षमतेच्या जवळ पोहोचू लागला की आवश्यक आवर्तनकाळ झपाट्याने वाढतो. उरलेला हिरवा वेळ टप्प्यांच्या प्रवाह गुणोत्तरांच्या प्रमाणात विभागतात. पहिल्या टप्प्याचे गुणोत्तर ०.३५ व दुसऱ्याचे ०.२५ असल्यास ५० सेकंदांच्या आवर्तनातील उपयुक्त ४० सेकंदांपैकी सुमारे २३ सेकंद पहिल्यास व १७ सेकंद दुसऱ्यास मिळतात.

आवर्तन लांबविल्यास चौक मोकळा होतो, हा समज अंशतःच खरा आहे. १० सेकंद वाया जात असताना ६० सेकंदांच्या आवर्तनात ८३ टक्के वेळ उपयोगी पडतो, तर १२० सेकंदांच्या आवर्तनात ९२ टक्के. क्षमतेतील ही वाढ मर्यादित आहे. मात्र लाल दिव्यापाशी थांबण्याचा काळ जवळपास दुप्पट होतो. दीर्घ प्रतीक्षेमुळे लाल दिवा असताना रस्ता ओलांडण्याची प्रवृत्तीही वाढते.

समन्वित व अनुकूली नियंत्रण

एकाच मार्गावरील चौकांचे हिरवे दिवे ठरावीक अंतराने सुरू केल्यास वाहनांना न थांबता पुढे जाता येते. यास हरित लहर म्हणतात. दोन चौकांत ५०० मीटर अंतर आणि वाहनांचा वेग ताशी ३६ किलोमीटर असल्यास दुसरा दिवा ५० सेकंदांनी हिरवा व्हावा लागतो. वेग ताशी १८ किलोमीटर असल्यास हेच अंतर १०० सेकंदांचे होते. त्यामुळे वेगात मोठी तफावत असलेल्या वाहतुकीत एकच लहर सर्वांना उपयोगी पडत नाही.

अनुकूली नियंत्रणात रस्त्याखालील तारेची वेटोळी, कॅमेरे किंवा रडार यांद्वारे वाहतूक मोजून वेळा आपोआप बदलतात. या प्रणालींपैकी अनेकांची रचना मार्गिका पाळणाऱ्या वाहतुकीसाठी झाली होती. भारतात दुचाकी, रिक्षा, बस व ट्रक एकाच रुंदीत मिसळून चालत असल्याने मार्गिकानिहाय मोजणी अपुरी पडते. अशा मिश्र वाहतुकीसाठी सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने 'कोसिकॉस्ट' ही प्रणाली विकसित केली.

महाराष्ट्रात मुंबई नागरी परिवहन प्रकल्पांतर्गत जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने क्षेत्रीय वाहतूक नियंत्रण प्रणाली बसविण्यात आली. पुण्यातही स्मार्ट सिटी योजनेतून अनुकूली सिग्नल उभारण्यात आले.

अवजड वाहतुकीची शहरे

सिग्नलविषयीचे बहुतेक संशोधन महानगरांवर आधारलेले आहे. खाणी व कारखान्यांच्या लहान शहरांतील परिस्थिती वेगळी असते. चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातील गडचांदूर हे त्याचे उदाहरण होय. गडचांदूर येथे माणिकगड सिमेंट कारखाना असून आवारपूर, उपरवाही व नारंडा या परिसरातही सिमेंट कारखाने आहेत. त्यामुळे राजुरा–गडचांदूर–कोरपना मार्गावर सिमेंट व कच्चा माल वाहणारे ट्रक आणि दुचाकी, सायकली व पायी चालणारे स्थानिक लोक एकत्र येतात.

अशा वाहतुकीत केवळ वाहनांची संख्या मोजणे दिशाभूल करणारे ठरते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या शहरी रस्त्यांविषयीच्या १९९० च्या मार्गदर्शिकेनुसार ट्रक व बसचे प्रमाण १० टक्के किंवा अधिक असल्यास असे एक वाहन ३.७ मोटारींइतके, तर दुचाकी ०.७५ मोटारीइतकी धरतात. १०० वाहनांत ९० दुचाकी व १० ट्रक असल्यास एकूण भार १०४.५ एकके होतो. त्यातील ३७ एकके, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक भार, केवळ १० ट्रकांचा असतो.

भरलेला ट्रक सावकाश हलतो, त्यामुळे वाया जाणारा वेळही वाढतो. तो १० वरून १४ सेकंद झाल्यास ०.७ बेरजेसाठी आवर्तनकाळ सुमारे ६७ वरून ८७ सेकंदांवर जातो. पिवळ्या दिव्याचाही प्रश्न महत्त्वाचा आहे. ताशी ३६ किलोमीटर वेग आणि चालकाच्या प्रतिसादास १ सेकंद धरल्यास, दर सेकंदास ३ मीटर/सेकंद या दराने वेग कमी करणाऱ्या मोटारीस सुमारे २.७ सेकंदांचा पिवळा दिवा पुरतो. २ मीटर/सेकंद या दराने वेग कमी करणाऱ्या ट्रकला ३.५ सेकंद लागतात. मोटारीच्या हिशेबाने ठरविलेला पिवळा दिवा ट्रकसाठी अपुरा ठरून समोरून सुटणाऱ्या दुचाकीस्वारास धोका निर्माण होतो.

पादचारी

चालण्याचा वेग सेकंदास १.२ मीटर धरल्यास १२ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास १० सेकंद लागतात. पाऊल उचलण्यापूर्वीचा वेळ त्यात मिळवावा लागतो. वृद्ध, लहान मुले व डोक्यावर ओझे असलेल्या व्यक्तींना याहून अधिक वेळ लागतो. फक्त वाहनांचा खोळंबा मोजल्यास हा वेळ हिशेबाबाहेर राहतो.

सिग्नलची आवश्यकता

प्रत्येक चौकात सिग्नल असणे लाभदायक नसते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८५ च्या मार्गदर्शिकेतील एका निकषानुसार, दोन्ही रस्त्यांवर प्रत्येक दिशेस एकच मार्गिका असल्यास मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंनी मिळून ताशी किमान ६५० व उपरस्त्यावर एका बाजूने ताशी २०० वाहने दिवसातील ८ तास असावी लागतात. पादचाऱ्यांची संख्या व अपघातांची नोंद यांसाठी स्वतंत्र निकष आहेत. वाहतूक कमी असलेल्या ठिकाणी वर्तुळाकार चौक, गतिरोधक किंवा अवजड वाहनांसाठी वळणरस्ता हे पर्याय अधिक उपयुक्त ठरू शकतात.

हे सुद्धा पहा

* वाहतूक अभियांत्रिकी
* भारतीय रस्ते काँग्रेस
* गडचांदूर