ब्रेकचें निदान

घरीं मोटार असणें ही आतां नवलाईची गोष्ट राहिलेली नाहीं. परंतु ती थांबते कशी, याचा विचार करणारीं घरें थोडींच. ब्रेक बिघडला म्हणजे गाडी मिस्त्रीकडे न्यावी, त्यानें ‘लायनर झिजले’ म्हणावें आणि आपण पैसे मोजावे, असा परिपाठ पडला आहे. दुरुस्ती मिस्त्रीनेंच करावी, हें आम्हांस मान्य आहे. परंतु निदानाचा अर्धा भाग चालविणाराच्या पायाशीं असतो, व तो त्याच्यावांचून दुसऱ्या कोणास सांगतां येत नाहीं, याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

पेडल दाबलें म्हणजे मास्टर सिलिंडरमधील तेलावर दाब पडतो, आणि तो नळ्यांतून चारी चाकांपर्यंत पोंचतो. द्रव दबत नाहीं, वायु दबतो; एवढें तत्त्व ध्यानांत ठेवलें कीं पुढील अनुमानें सुलभ होतात. पेडल मऊ, लिबलिबीत लागत असेल व दोनतीनदां भराभर दाबल्यावर वर येत असेल, तर तेलांत हवा शिरल्याचा संशय घ्यावा. पाय स्थिर ठेवला असतां पेडल हळूहळू खालीं जात असेल, तर दाब कोठें तरी निसटत आहे. अशा वेळीं बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी पाहावी. तेल घटलें असेल तर गळती बहुधा बाहेर आहे. चाकांच्या आंतील बाजूस ओल शोधावी. तेल जेथल्या तेथें असेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी सील गेलें असावें. (पॅड झिजत गेले तरीही तेल थोडें उतरतें, म्हणून नुसती भर घालून स्वस्थ बसूं नये.)

उलटपक्षीं पेडल दगडासारखें कठीण लागत असेल, तर बूस्टरची परीक्षा घ्यावी. अन्वयव्यतिरेकाचें याहून सोपें उदाहरण आम्हांस वर्गांत कधीं सांपडलें नव्हतें! इंजिन बंद असतां पेडल चारपांच वेळां दाबावें, म्हणजे तें ताठ होतें. मग तसेंच दाबून धरून इंजिन सुरू करावें. पेडल किंचित् खालीं गेलें तर बूस्टर शाबूत. न गेलें तर बूस्टर किंवा त्याची हवेची नळी नादुरुस्त समजावी.

गाडी एका बाजूस ओढत असेल तर प्रथम टायरांतील हवा तपासावी. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येऊं लागला तर मात्र एक दिवसही थांबूं नये.

सर्वांत फसवा दोष उष्णतेचा. आमच्या परिचयाचें एक कुटुंब पांचगणीहून पसरणीच्या घाटानें वाईकडे उतरत होतें; गाडींत आजी व दोन मुलें. पेट्रोल वांचावें म्हणून गाडी न्यूट्रलमध्यें घातलेली, सारा भार ब्रेकवर. एका वळणाआधीं पेडल एकाएकीं तळाला गेलें. हँडब्रेक हळूहळू ओढून गाडी कशीबशी डोंगराच्या अंगास थांबली. अर्ध्या तासानें पेडल पूर्ववत्! पायथ्याच्या मिस्त्रीनें सपाट रस्त्यावर गाडी फिरवून ‘कांहीं दोष नाहीं’ असा निर्वाळा दिला, आणि तो खोटें बोलत नव्हता. दोष थंड होऊन लपला होता.

त्या गाडीचें तेल सहा वर्षें बदललेलें नव्हतें. हें तेल हवेंतील ओलावा शोषतें. डॉट ४ जातीचें नवें तेल २३० अंश सेल्सिअसच्या आंत उकळतां कामा नये असें मानक आहे. ओलावा शोषलेल्या तेलास हीच मर्यादा १५५ अंशांची. उतारावर सतत ब्रेक दाबल्यानें तेल उकळतें, त्याची वाफ होते, आणि वाफ दबते. पेडल घट्ट असूनही गाडी आवरत नसेल, तर तेल नव्हे, पॅड तापले आहेत.

म्हणून ज्या गियरमध्यें घाट चढावा त्याच गियरमध्यें उतरावा, उतारावर इंजिन कदापि बंद करूं नये, आणि तेल सामान्यतः दोन वर्षांनीं बदलावें. मिस्त्रीस ‘ब्रेक लागत नाहीं’ एवढेंच न सांगतां, ‘घाट उतरतांना पेडल तळाला गेलें, निवल्यावर परत आलें’ असें सांगावें. तेल बदलतांना नवा, सीलबंद डबा आपल्यासमोर फोडावयास लावावा. गतवर्षीं उघडून ठेवलेल्या डब्यांतील तेलानेंही ओलावा घेतलेला असतो.