गुदमरल्यासारखं न होताही माणूस बेशुद्ध पडतो

“जीव गुदमरला का समजते ना भाऊ, तवा दोर हालवतो. मंग ओढा वर.”

विहिरीत उतरणाऱ्याचं हे बोलणं वाशिम जिल्ह्यात रिसोडपासून कारंज्यापर्यंत कुठेही कानावर येतं. उन्हाळ्यात गाळ काढायला, बिघडलेली मोटर वर घ्यायला, आत पडलेलं जनावर सोडवायला माणूस खाली जातो. काठावर चौघं उभे असतात आणि सगळ्यांचा भरवसा एकाच समजुतीवर असतो, की हवा वाईट असली तर अंगाला आधी कळेल. ही समजूत मुळातून चुकीची आहे. ती पुनःपुन्हा ऐकून आता राग येतो, कारण महाराष्ट्रात दरवर्षी तिच्यापायी माणसं जातात आणि पुष्कळदा एकाच घरातली दोन-तीन जातात.

शरीराला श्वासाचा गजर आहे, हे खरं. तो कशाने वाजतो हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं. नाक-तोंड दाबून धरलं की थोड्याच वेळात छातीत घालमेल सुरू होते. त्या वेळी रक्तात ऑक्सिजन भरपूर शिल्लक असतो. घालमेल होते ती बाहेर टाकता न आलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. श्वासाची गती मुख्यतः हाच वायू ठरवतो, हे जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ साली प्रयोगांनी दाखवून दिलं. मानेतल्या मोठ्या धमन्यांजवळ ऑक्सिजनची कमतरता ओळखणाऱ्या पेशीही असतात, पण त्या उशिरा जाग्या होतात. त्यातही रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढलेला नसेल, तर त्यांचा इशारा फारच क्षीण असतो. तोवर ज्या मेंदूने तो इशारा ओळखायचा, तोच मंदावलेला असतो.

“पुस्तकात असेल, प्रत्यक्षात कळतंच,” असं उत्तर यावर हमखास येतं. म्हणून प्रत्यक्षातलंच उदाहरण घेऊ. पाणबुड्यांचं रिब्रीदर नावाचं एक यंत्र आहे. माणसाचा हा दोष त्याच्याइतका उघडा दुसरं काही करत नाही.

आपण आत घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि सोडलेल्या श्वासातही १६-१७ टक्के उरलेला असतो. नेहमीचा सिलेंडर लावलेला पाणबुड्या हा उरलेला ऑक्सिजन बुडबुड्यांतून वाया घालवतो. रिब्रीदरमध्ये सोडलेला श्वास एका पिशवीत जातो. तिथून तो सोडा लाइमच्या डब्यातून फिरतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, छोट्या सिलेंडरमधून लागेल तेवढा ऑक्सिजन मिसळला जातो आणि तोच वायू पुन्हा श्वासात येतो. लहानशा सिलेंडरवर तासन्‌तास पाण्याखाली राहता येतं आणि बुडबुडेही निघत नाहीत. कल्पना जुनी आहे. हेन्री फ्लूसने १८७८ साली तिचं पेटंट घेतलं. ब्रिटनमध्ये सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यात पाणी भरलं होतं, तेव्हा १८८० मध्ये अलेक्झांडर लॅम्बर्ट हा पाणबुड्या फ्लूसचं यंत्र घालून मिट्ट अंधारात आतलं लोखंडी दार बंद करून आला. आपल्या विदर्भालाही हे तत्त्व परकं नाही. वणी-चंद्रपूरच्या पट्ट्यासारख्या कोळसा खाणींत आग लागली किंवा वायू भरला की बचाव पथकं पाठीवर घेतात ती बंद श्वसनयंत्रं याच जातीची असतात.

आता या यंत्रात ऑक्सिजनच्या सिलेंडरची चावी चुकून बंद राहिली, असं धरा. पाणबुड्या श्वास घेत राहतो. सोडा लाइम आपलं काम चोख करत असतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड वाढत नाही. पिशवीतला वायू कमी झाला की यंत्रातल्या दुसऱ्या सिलेंडरमधून वायूंचं मिश्रण येऊन ती आपोआप भरते, म्हणजे श्वास ओढायलाही जड जात नाही. ऑक्सिजन मात्र उतरत जातो. काही मिनिटांत पाणबुड्या बेशुद्ध होतो. धडपड नाही, घुसमट नाही, हात हलवून खूण करणंही नाही. त्याच्या अंगाला काहीच कळलेलं नसतं.

याहून फसवं असतं ते वर येणं. ३० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. तिथे मिश्रणात केवळ ५ टक्के ऑक्सिजन असला तरी शरीराला तो जमिनीवरच्या २० टक्क्यांइतका मिळतो आणि माणूस ठणठणीत असतो. ऑक्सिजनची भर न पडता तो वर येऊ लागला, तर दाब उतरतो आणि पृष्ठभागाजवळ ते ५ टक्के खरोखरचे ५ टक्के होतात. शुद्ध हरपते ती अशी, सुटका हाताच्या अंतरावर असताना.

म्हणूनच रिब्रीदर शिकवणारे पहिल्या दिवसापासून एक गोष्ट घोकून घेतात. अंगाला काय वाटतं त्यावर जाऊ नका, मनगटावरचा आकडा वाचत राहा. यंत्रात ऑक्सिजन मोजणारे सेन्सर बहुधा तीन असतात, कारण एक खोटं बोलला तर बाकीच्या दोघांवरून ओळखता यावं. ते ठरलेल्या मुदतीत बदलायचे, पाण्यात उतरण्याआधी लेखी यादी हातात धरून एकेक चावी आणि सांधा तपासायचा, सोडा लाइमचे तास मोजायचे, आणि सोबत साध्या हवेचा वेगळा सिलेंडर ठेवायचा. शंका आली की कारण शोधत न बसता आधी त्या सिलेंडरवर जायचं. ॲन्ड्रू फॉक यांनी १९९८ ते २०१० या काळातल्या हौशी रिब्रीदर पाणबुड्यांच्या १८१ मृत्यूंचा अभ्यास करून २०१३ साली असा अंदाज मांडला, की नेहमीच्या सिलेंडरच्या तुलनेत यात मृत्यूचा धोका चार ते दहा पट आहे.

याच्या शेजारी फ्रेंच लष्कराचा अनुभव ठेवला पाहिजे. १९७९ ते २००९ या तीस वर्षांत त्यांच्याकडे रिब्रीदरच्या १५३ दुर्घटना नोंदल्या गेल्या. त्यांत ५४ पाणबुडे पाण्याखाली बेशुद्ध झाले, पण बुडून मेले फक्त तिघे. माउथपीस तोंडात घट्ट राहील असा पट्टा डोक्याला बांधलेला आणि जोडीदार दोरीने जोडलेला, एवढ्यावर बाकीचे वाचले. या शिस्तीचा पायाच असा, की माणसाला कळणार नाही आणि तो स्वतःला वाचवू शकणार नाही, हे आधीच धरून चालायचं. आपल्या विहिरीच्या काठावर नेमकं उलटं धरून चालतात.

“विहिरीत तर कार्बन डायऑक्साइडच साचतो, मग दम लागायलाच हवा,” हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. कुजणारा गाळ आणि पालापाचोळा ऑक्सिजन खातो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो. तो थोडा वाढला तर धाप लागते, डोकं दुखतं. हवेत १० टक्क्यांच्या आसपास पोचला, तर शुद्ध जायला मिनिटभर पुरतं. खाली पायऱ्या नसतात, कपारीला धरून चढायचं असतं, आणि चढण्याच्या श्रमाने श्वास आणखी वाढतो. धाप लागली हे कळूनही उपयोग होत नाही. शिवाय दर विहिरीत कार्बन डायऑक्साइडच असेल असं थोडंच आहे? ऑक्सिजन मातीने आणि गाळाने खाऊन टाकलेला आणि उरलाय तो नुसता नायट्रोजन, अशी हवा आत घेतली तर अंगाला काहीही वेगळं जाणवत नाही. त्यातून वाईट असं, की ऑक्सिजन जवळजवळ नसलेली हवा फुप्फुसात गेली, की रक्तातला ऑक्सिजन उलट फुप्फुसात येतो आणि श्वासागणिक बाहेर फेकला जातो. म्हणून अशा ठिकाणी दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. पाणी उपसायला इंजिन विहिरीतच उतरवलं असेल, तर कार्बन मोनॉक्साइड भरतो. त्याला रंग नाही, वास नाही. सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड प्रमाण वाढलं की नाकच बधिर करतो. वास गेला म्हणून लोक निर्धास्त होतात, तेव्हा तो सर्वांत जास्त असू शकतो.

उतरण्याआधी विहिरीत पेटता कंदील सोडून हवा पाहतात. त्या कंदिलाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण जुन्या जाणत्या माणसांचा त्याच्यावर विश्वास आहे आणि त्यात तथ्यही आहे. ऑक्सिजन सुमारे १६ टक्क्यांवर आला की ज्योत विझते, आणि माणूस त्याहून बऱ्याच कमी प्रमाणात बेशुद्ध होतो. तेव्हा कंदील विझला तर उतरायचं नाही, हे शंभर टक्के बरोबर. कंदील पेटता राहिला म्हणजे उतरायला हरकत नाही, हे मात्र साफ चूक. जीव घेण्याइतका कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड हवेत एक टक्काही नसतो. ज्योतीला त्याचा पत्ताही लागत नाही. मिथेन असेल तर उघडी ज्योत भडका उडवते. ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वलनशील वायू एकदम मोजणारं हातात मावणारं यंत्र बाजारात मिळतं. प्रत्येक शेतकऱ्याने ते घ्यावं असं कोणी म्हणणार नाही. पण गावोगाव यारी (विहिरीवरची क्रेन) घेऊन विहिरी खोदण्याचा आणि उपसण्याचा धंदा करणाऱ्याकडे ते असलंच पाहिजे. ते दोरीला बांधून वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणचे आकडे पाहायचे.

बाकीच्या समजुती आता भराभर घेतो.

कोणी बुडालं की “पाणबुडे ऑक्सिजनचे सिलेंडर लावून उतरले” असं छापून येतं. त्या सिलेंडरमध्ये दाबून भरलेली साधी हवा असते. निव्वळ ऑक्सिजन घेऊन ६ मीटरच्या खाली गेलं तर झटके येऊ शकतात आणि पाण्यात झटके आले की माणूस बुडतो. एकबुर्जी किंवा अडाण धरणाच्या गढूळ पाण्यात शोध घ्यायला रिब्रीदर लागत नाही. त्या कामाला साधा हवेचा सिलेंडर, दोर आणि काठावरचा सावध माणूस हवा.

पाण्याखाली जास्त वेळ राहायचं तर आधी भराभर दीर्घ श्वास घ्यावेत, ही पोरांची पक्की समजूत आहे. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड धुतला जातो, म्हणजे गजर काढून टाकला जातो. पट्टीचे पोहणारे शांतपणे तळाला जातात आणि वर येत नाहीत, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

लांब नळीचं एक टोक पाण्यावर ठेवून विहिरीच्या तळाशी श्वास घेता येत नाही. मीटरभर खाली गेल्यावरच पाण्याचा दाब छाती फुलू देत नाही, आणि नळीत आपलाच सोडलेला श्वास परत येत राहतो.

ओला रुमाल किंवा धुळीचा मास्क वायू अडवत नाही. गाळणीचा चांगला मास्कसुद्धा हवेत नसलेला ऑक्सिजन आणून देत नाही.

वरून पाणी शिंपडलं, निंबाची फांदी किंवा उघडी छत्री खालीवर केली की वायू मरतो म्हणतात. त्याने हवा थोडी ढवळली जाते, एवढंच. तळापर्यंत पाइप सोडून ब्लोअरने हवा भरत राहावी लागते, काम चालू असेपर्यंत. दवाखान्यातला ऑक्सिजन सिलेंडर आणून विहिरीत मोकळा सोडू नये. ऑक्सिजन जास्त झाला की ठिणगीसरशी कपडे पेट घेतात.

“अनुभवी माणसाला काही होत नाही” हेही ऐकतो. डेव्ह शॉ हा जगातल्या सर्वांत खोल उतरलेल्या रिब्रीदर पाणबुड्यांपैकी एक होता. जानेवारी २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोसमन्सगाट इथे २७० मीटर खोलीवर दहा वर्षांपूर्वी मेलेल्या एका पाणबुड्याचा मृतदेह काढताना तो दगावला. श्रमाने वाढलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं त्या खोलीवर त्याला जमलं नाही.

आणि शेवटची समजूत, सगळ्यात जास्त जीव घेणारी. आत कोणी कोसळलं की “मी दम धरून जातो, उचलून आणतो.” अमेरिकेच्या निऑश या संस्थेने १९८६ मध्येच नोंदवलं होतं, की बंदिस्त जागांतल्या मृत्यूंमध्ये ६० टक्क्यांहून अधिक माणसं वाचवायला गेलेली असतात. लांब जायला नको. एप्रिल २०२४ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या वाकडी इथे बायोगॅसची मळी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. असे उतरलेल्या सहापैकी पाच जण गेले. वाचला तो कमरेला दोर बांधून उतरलेला.

दोर हातात धरून उतरायचं नसतं, कारण शुद्ध गेली की मूठ सुटते. तो काखेखालून आणि मांड्यांतून पट्ट्याने अंगालाच बांधलेला हवा आणि त्याचं दुसरं टोक यारीला, म्हणजे खालून काही खूण न येताही वर ओढता येईल. वरच्याने दर अर्ध्या मिनिटाला आवाज द्यायचा. उत्तर आलं नाही की विचारत न बसता ओढायचं. दोर नसताना कोणी कोसळला असेल, तर काठावरच्या एकानेही आत उतरू नये. ब्लोअर असेल तर हवा सोडत राहावी, ११२ ला फोन लावावा आणि पहिल्याच वाक्यात सांगावं, विहिरीत वायू आहे, श्वसनयंत्र घेऊन या.