अ‍ॅपमधला हँडिकॅप येतो कुठून?

गोल्फमध्ये फटके जितके कमी, तितका खेळ चांगला. मग ऐंशीच्या घरात खेळणारा आणि शंभरी ओलांडणारा असे दोन सदस्य एकाच स्पर्धेत उतरले, तर चुरस व्हायची कशी? त्यासाठी हँडिकॅप असतो, म्हणजे कच्च्या खेळाडूला ठरावीक फटक्यांची सूट. ही सूट आता क्लबचं अ‍ॅप सांगतं. खेळण्याची वेळ राखून ठेवणं, वर्गणी भरणं ही कामं कुठलंही अ‍ॅप करील. हँडिकॅपचं गणित मात्र संख्याशास्त्राचा देखणा नमुना आहे आणि बहुतेक सदस्यांना त्याचा पत्ताच नसतो.

२०२० पूर्वी जगात हँडिकॅपच्या सहा प्रमुख पद्धती होत्या. त्या वर्षी अमेरिकेची यूएसजीए आणि सेंट अँड्र्यूजची आर अँड ए या संस्थांनी त्या एकत्र करून एकच जागतिक पद्धत आणली. त्यात खेळाडूचे शेवटचे २० राउंड घेतात, त्यांतले सर्वांत चांगले ८ निवडतात आणि त्यांची सरासरी काढतात. वाईट दिवस मोजायचेच नाहीत, कारण मोजायची असते ती खेळाडूची कुवत. म्हणूनच आपल्या हँडिकॅपइतका खेळ बहुतेक दिवशी होत नाही. त्यात निराश होण्यासारखं काही नाही.

पण सोप्या मैदानावरचे ९२ फटके आणि अवघड मैदानावरचे ९२ फटके सारखे कसे धरायचे? त्यासाठी प्रत्येक मैदानाला दोन आकडे दिलेले असतात. पहिला कोर्स रेटिंग. कसलेला खेळाडू तिथे साधारण किती फटक्यांत खेळेल, ते तो सांगतो. दुसरा स्लोप, ५५ ते १५५ च्या दरम्यानचा. कसलेल्या खेळाडूच्या तुलनेत सामान्य खेळाडूला ते मैदान किती जास्त छळतं, हे त्यातून कळतं. बेताचं मैदान ११३ चं. स्लोपची ही कल्पना अमेरिकी नौदलात असलेल्या डीन नूथ यांची. समजा, तुम्ही ९२ फटके मारले, रेटिंग ७०.९ आणि स्लोप १२८ आहे. ९२ मधून ७०.९ वजा करा, उरलेल्या २१.१ ला ११३ ने गुणा आणि १२८ ने भागा. उत्तर १८.६. अ‍ॅप हाच आकडा त्या दिवसाच्या नावावर टाकतं.

मला सर्वांत आवडतो तो रात्री होणारा हिशेब. दिवसभर सोसाट्याचा वारा असला तर सगळ्यांचेच फटके वाढतात. त्याची भरपाई कशी करायची? इथे ना वाऱ्याचा वेग विचारला जातो, ना पावसाचे मिलिमीटर. त्या मैदानावर त्या दिवशी किमान ८ ग्राह्य स्कोअर आले असतील, तर प्रत्येकाकडून अपेक्षित असलेला खेळ आणि प्रत्यक्षात झालेला खेळ यांची तुलना होते. बहुतेकांचं गणित एकाच बाजूला कलंडलं असेल, तर दोष खेळाडूंचा नाही, दिवसाचा आहे. मग त्या दिवसासाठी उणे १ ते अधिक ३ अशी दुरुस्ती लागू होते. हवामान मोजायचं ते थेट माणसांच्या खेळावरून! पण हे जमतं कधी, तर प्रत्येकाने आपला स्कोअर त्याच दिवशी भरला तरच. चार दिवसांनी आठवेल तसा आकडा टाकणारा सदस्य सगळ्यांचाच हिशेब बिघडवतो.

मुद्दाम खराब खेळून हँडिकॅप फुगवायचा आणि ऐन स्पर्धेत बक्षीस मारायचं, ही चलाखी जुनी आहे. तिला आळा घालायला गेल्या ३६५ दिवसांतल्या सर्वांत कमी हँडिकॅपवर नजर असते. हँडिकॅप त्यापेक्षा ३ ने वर गेला की पुढची वाढ निम्मीच मोजतात. ५ पेक्षा जास्त वाढ तर होऊच शकत नाही.

स्पर्धेच्या दिवशी अ‍ॅप गट पाडतं, फलक क्षणोक्षणी बदलतं, बरोबरी झाली तर शेवटच्या नऊ होलचे स्कोअर ताडून निकाल लावतं. तरीही एक जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबर्टो डी विसेन्झो यांनी सतराव्या होलवर ३ फटके मारले. त्यांचं स्कोअरकार्ड लिहिणारे टॉमी आरन यांनी ४ लिहिले. डी विसेन्झो यांनी कार्डावर तशीच सही केली. त्या राउंडचे ६५ चे ६६ झाले, ते कायम धरले गेले आणि बॉब गोल्बी एका फटक्याने विजेते ठरले. नियम आजही तसाच आहे. बेरीज आणि हँडिकॅपचा हिशेब स्पर्धा समितीचा, पण प्रत्येक होलचा आकडा खरा असल्याची हमी खेळाडूची, मग ती सहीने दिलेली असो की पडद्यावर बोट दाबून.

म्हणूनच अ‍ॅप घेताना क्लबांनी एक आग्रह धरावा. नुसता शेवटचा आकडा दाखवून भागणार नाही. २० पैकी कोणते ८ राउंड धरले, काल हवेसाठी किती दुरुस्ती झाली, वाढीला लगाम लागला का, हे सदस्याला एका पानावर दिसायला हवं.