नाच्याची पेटी

दिवाळीचा पाडवा झाला की आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. हलक्या धानाची कापणी झालेली असते, लेकी माहेरी आलेल्या असतात, आणि गावातल्या एखाद्या घरात माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली उतरते. त्या पेटीत काय असतं ते मी पन्नास वर्षं पाहत आलोय. सगळ्यात वर कडुनिंबाचा पाला घालून घडी केलेलं नऊवारी लुगडं. त्याखाली पोलकं, गंगावन, चाळ, सुतळीत ओवलेल्या काचेच्या बांगड्या, गरसोळी, हातआरसा, काजळाची डबी. पेटीचा मालक पुरुष. घरी बायको, लेकरं, थोडी धानाची शेती, आणि हंगामात तो खडी गंमत या आमच्या लोकनाट्यातला नाच्या.

संपादकांनी यंदा झाडीपट्टीच्या रंगभूमीचा आढावा मागितला तेव्हा मी त्यांना आधीच सांगितलं, वडशाच्या नाटक कंपन्या, त्यांची तिकीटविक्री आणि तारखांची ओढाताण यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. २०२३ साली डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर तर बाहेरच्या वर्तमानपत्रांनाही ही रंगभूमी ठाऊक झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण मला लिहायचं आहे लुगड्यावर. पुरुषानं नेसलेल्या लुगड्यावर, ते कुठून विकत आणलं, कसं नेसलं आणि नेसून कुठंकुठं नेलं त्यावर. या गोष्टीसाठी मी आयुष्यभर भांडलो आहे आणि अजून भांडण संपलेलं नाही.

अभ्यासकांच्या एका फळीचं म्हणणं असं, की बायका रंगमंचावर यायला तयार नव्हत्या म्हणून नाइलाजानं पुरुषांनी लुगडी नेसली. चर्चासत्रांत हे इतक्या वेळा ऐकलंय की पुढचं वाक्यही मला पाठ झालंय. पुणे-मुंबईच्या संगीत नाटकापुरतं त्यात तथ्य असेल. आमच्या खडी गमतीला ते लागू नाही. आज रात्रीच्या नाटकात नायिका नागपूरहून येते, रंगमंचावर बाई आहे याचं कुणाला नवल उरलेलं नाही. तरी त्याच गावात दुपारी खडी गंमत उभी राहते तेव्हा म्हाताऱ्या बाया पोतं अंथरून नाच्यासाठीच बसतात. अडचण संपल्यावरही जी गोष्ट टिकते ती अडचणीतून जन्मली असं कसं म्हणायचं?

आणि परंपराच काढायची तर आमच्या मातीची काढा. आमगावजवळ पदमपूर आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी भवभूतीचं पद्मपूर ते हेच, असं साधार मांडलं. आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचंच नाव आहे. या आठव्या शतकातल्या नाटककाराचं ‘मालतीमाधव’ उघडून पाहा. प्रस्तावनेतच सूत्रधार आणि त्याचा सोबती भूमिका वाटून घेतात: बौद्ध परिव्राजिका कामंदकी एकानं व्हायचं, तिची शिष्या अवलोकिता दुसऱ्यानं. मग दोघे लाल वस्त्रांत प्रवेश करतात. म्हणजे पुरुष बाई होतोय हे प्रेक्षकांपासून लपवलेलंच नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत ते ठरतंय. पुढं सहाव्या अंकात मालतीसाठी राजाकडून आलेला लग्नाचा पोशाख नगरदेवतेच्या देवळात पोचतो आणि कामंदकी तो माधवाचा मित्र मकरंद याच्या अंगावर चढवते. मकरंद नवरी होऊन, राजानं मालतीसाठी ठरवलेल्या नंदनाच्या घरी जातो. त्या एका पोशाखानं माधवाला मालती मिळते आणि मकरंदाला नंदनाची बहीण मदयंतिका. भवभूतीवर भाषणं होतात तेव्हा ‘उत्तररामचरिता’तली करुणा सगळ्यांना आठवते, मकरंदाचा हा शालू कुणालाच आठवत नाही. मी त्याची आठवण करून देतो आणि सभेत थोडी चुळबुळ होते.

पुण्या-मुंबईकडचा इतिहास वाचकांना माहीत आहे, तो झपाट्यानं ओलांडतो. भाऊराव कोल्हटकर, मग बालगंधर्व. १९१३ साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी, तिचे अस्सल भरजरी शालू, अत्तरं आणि त्यापायी झालेलं कर्ज. बालगंधर्वांचं नेसणं आणि केशरचना घरंदाज बायका उचलत. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झालेले अण्णा साळुंके १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही झाले. या सगळ्यावर ग्रंथ आहेत. नाच्यावर मात्र एक गैरसमज पक्का बसलेला आहे आणि त्याचं मूळ पश्चिम महाराष्ट्राच्या तमाशात आहे. तिथं नाचणारी बाई वेगळी आणि नाच्या तिच्या सोबतीचा, हसवणारा. गणपत पाटलांनी ती भूमिका पडद्यावर इतकी जिवंत केली की ‘नाच्या’ म्हटलं की महाराष्ट्राला तेवढीच एक छबी दिसते. खडी गमतीतला नाच्या तसा नाही. तोच गवळण, तोच वगातली राणी, तोच शाहिराच्या सवालाला उलट जबाब देणारी बाई. तो हसवण्यासाठी नेसत नाही. त्याचा पदर सरकला तर लोक हसत नाहीत, हळहळतात.

तर आता पेटीकडे.

माझ्या लहानपणी आमच्या गावचा नाच्या उंच होता, चांगला पाच फूट दहा इंच. सहावारी पातळाचा पन्हा साधारण पंचेचाळीस इंचांचा; तो खोचला की उंच माणसाच्या घोट्याच्या वर राहतो आणि बाई ओढाताण करून उभी केल्यासारखी दिसते. कासोट्याच्या नऊवारीत ही अडचण नाही. कापड पायांभोवती वळतं, पोटऱ्या आणि चाळ मोकळे राहतात, गिरकीला अडथळा होत नाही, आणि कमरेला पडणारे वळसे पुरुषाच्या सपाट कमरेला भराव देतात. रुंद खांद्यांवर पोलक्याची बाही कोपरापर्यंत, कारण आखूड बाहीत दंड दिसतात. गळा मागं बंद. काठ मोठा, कारण मशालीच्या आणि पुढं पेट्रोमॅक्सच्या उजेडात लांबून काठच दिसतो. हे त्याला कुणी शिकवलं होतं? त्याच्या गुरूनं, आणि त्याच्या आईनं. मी त्याला विचारलं होतं की नेसायला किती वेळ लागतो. तो म्हणाला, “गुरुजी, लुगडं आंगाले नाही, चालीले नेसवा लागते.” मी ते वहीत लिहून ठेवलं. आधी तो साध्या धोतरात चालून दाखवायचा. चाल जमली की मगच लुगडं.

आमच्या भागाचं भाग्य असं की कापड दूरचं नव्हतं. ऐनाच्या झाडांवर ढिवर लोक कोसा वाढवतात आणि भंडाऱ्याच्या मोहाडी-आंधळगावाकडचे कोष्टी तो विणतात. करवती काठाचं कोशाचं लुगडं, करवतीच्या दात्यांसारखी किनार असलेलं, ही विदर्भाची खूण; त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. ते नाच्याच्या आवाक्यातलं नसे. त्याचं रोजचं लुगडं सुती. पण एखादी पाटलीण मंडईच्या दिवशी आपलं कोशाचं लुगडं त्याला वापरायला देई, आणि दुसऱ्या दिवशी ते धुऊन, घडी करून तिच्या घरी परत जाई. हा व्यवहार मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. गावानं ज्याला हिणवलं त्याला कुणी आपलं लग्नातलं लुगडं देत नाही.

बाकीची खरेदी गोंदियाच्या बाजारातली किंवा गावच्या गुजरीतली. बांगड्यांचा प्रश्न सगळ्यांत अवघड. बांगडीचं माप आतल्या व्यासाचं, इंच आणि सोळाव्या भागांत: दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. बाईच्या हाताला एवढ्यात भागतं. नांगर धरलेल्या पुरुषाचा पंजा दोन-दहाखाली मागत नाही आणि ती बांगडी दुकानात मागच्या फळीवर असते, असली तर. नाच्या कासाराकडे जाई तो भर बाजारात, धोतर-बंडीत, मिशी काढलेल्या चेहऱ्यानं. बाप जिवंत असताना मिशी काढणं आमच्याकडे अशुभ मानत, तेव्हा ओठांवरूनच लोक ओळखत की हा नाच्या आहे. जाणता कासार काही विचारत नसे. तो हात हातात घेऊन अंगठ्याचं हाड दाबून पाही आणि एकही न फोडता डझनभर चढवी. हेच दुकानदार निवडण्याचं गमक होतं: जो ‘कोणासाठी?’ विचारत नाही तो आपला. गंगावन, फिती, टिकल्या आणि खोट्या दागिन्यांसाठी यात्रा बऱ्या. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडला महाशिवरात्रीला, सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला दुकानांच्या रांगा लागतात आणि गर्दीत कुणी कुणाकडे पाहत नाही. चेहऱ्याला सफेदा, खोबरेल, कुंकू, काजळ. पुढं पॅनकेक आलं, मग बेंटेक्स आलं. त्यांचा मला कंटाळा आहे, म्हणून त्यांवर इथं थांबत नाही.

प्रवासाचं मात्र सांगायलाच हवं. हंगामात खडी गमतीची पार्टी एका मंडईतून दुसऱ्या मंडईत जाई, कधी बंडीनं, कधी धुऱ्याधुऱ्यानं पायी. सकाळचा कार्यक्रम एका गावात, दुपारचा दुसऱ्यात, मधे कपडे बदलायला ना जागा ना वेळ. नाच्या नेसलेलाच चाले. कासोट्यात चालणं सोपं, चाळ मात्र काढून झोळीत, नाहीतर पोचेपर्यंत पाय सोलून निघत. मी शाळकरी असताना गोंदियाहून बालाघाटकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत एका पार्टीबरोबर बसलो होतो. ती नॅरोगेज, डबे अरुंद, समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागत. नाच्या खिडकीशी, डोक्यावर पदर. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं त्याला पान दिलं आणि गाव विचारलं. त्यानं आपल्या आवाजात, पुरुषाच्या आवाजात, गाव सांगितलं. बाईनं क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, “मंडईले चाललास का बाबू?” झालं. डब्यात कुणी खिदळलं नाही. आता ती लाइन रुंद झाली आहे आणि गाड्या वेगानं जातात.

दुसरी वाट पूर्वेची: आमगाव, सालेकसा, दरेकसा, पुढं डोंगरगड. तिकडे छत्तीसगडचा नाचा. त्यातली परीही पुरुषच, डोक्यावर लोटा ठेवून नाचत येते. सीमेवरच्या गावांत आमचा नाच्या आणि त्यांची परी एकाच मंडईत भेटत. दागिन्यांची अदलाबदल होई, नेसण्याच्या युक्त्या सांगितल्या जात. आमच्याकडच्या काही जणांना हा प्रभाव मान्य करायला जड जातं. मला तो अभिमानाचा वाटतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा आणि दंडार या लोकनाट्याचा जो अभ्यास उभा केला, त्याच्याशेजारी या वेषभूषेचा अभ्यास कुणीतरी करायला हवा होता. मी माझ्या परीनं वह्या भरल्या. एका संस्थेकडे छायाचित्रांसह हे संग्रहित करण्याचा प्रस्ताव दिला, तेव्हा उत्तर आलं की विषय ‘संवेदनशील’ आहे.

काय संवेदनशील? नाच्या म्हणजे तृतीयपंथी, असं सरळ समीकरण मांडून काही जण नाक मुरडतात, आणि काही जण त्या संशयाला घाबरून नाच्याच्या संसाराचे दाखले देत सुटतात. दोघेही मला पटत नाहीत. बहुतेक नाच्ये हंगाम संपला की पेटी बंद करून नांगराला लागत. पण असेही दोन-तीन मी जवळून ओळखले, ज्यांना त्या लुगड्यातच मोकळा श्वास येई. त्यांतला एक मला म्हणाला होता की होळीनंतरचे आठ महिने त्याला उसने वाटतात. गावानं त्याला हंगामाचे चार महिने दिले होते, कुठलाही प्रश्न न विचारता. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्याच्या नशिबी तेवढं आयुष्य नव्हतं.

आणि आज? रात्रीच्या नाटकाच्या मध्यंतरात एखादा विनोदी नट साडी गुंडाळून येतो, छातीशी फुगे लावतो, पदर पाडतो आणि ध्वनिवर्धकावर खिंकाळतो. हशा होतो. त्याला ना काठ कळतो, ना चाल. साडी सहावारी, तीही उलटी नेसलेली. हे पाहून मुलं घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या नाच्याला पाहून तसंच हसतात. तरुण पोरं मग पार्टीत यायला लाजतात. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. बाईच्या वेषाची टिंगल करणाऱ्यानं बाईचीच टिंगल केलेली असते, हे मंडईच्या आयोजकांना मी गावोगावी जाऊन सांगितलं आहे. दोन गावांनी ऐकलं.

खरेदी मात्र सोपी झाली. मोबाइलवर दोन-दहाच्याच काय, त्याहून मोठ्या बांगड्याही मिळतात, शिवलेली नऊवारी मिळते, घरपोच. शिवलेल्या नऊवारीला माझा विरोध आहे. ती पायजम्यासारखी चढवतात, तिला वळसे नाहीत, आणि तिच्यातली चाल पाच मिनिटांत उघडी पडते. पण पेटीत आज कुणी ती का होईना ठेवतो आहे, म्हणून मी भांडत नाही.

देवरी तालुक्यातल्या एका गावात एकवीस वर्षांचा पोरगा यंदा पहिल्यांदा उभा राहणार आहे. त्याच्या आजोबांची पेटी त्याच्याकडे आली आहे. लुगड्याचा काठ शाबूत आहे, कापड घडीवर विरलंय, म्हणून काठ उसवून नव्या सुती कापडाला लावायचं त्याच्या आईनं ठरवलं. बांगड्या मात्र सगळ्या आजोबांच्या मापाच्या आणि त्याचा पंजा त्यांच्याहून मोठा. परवा फोनवर त्यानं संकोचत विचारलं, गुरुजी, गोंदियाले गेले तर आनान का? हिरव्या, बिनचमकीच्या, दोन डझन. मी सोमवारी जातो आहे.