जागलीतली जांभई

मंगरूळपीर तालुक्यातल्या आसेगावच्या शिवारात हरभरा घाट्यावर आला की घरातल्या कर्त्या माणसाची झोप वावरात जाते. दिवसभर काट्याकुट्यात दडलेली रानडुकरं अंधार पडला की कळपानं बाहेर येतात. रोही धुरा ओलांडून आत शिरतात. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत तुडवली जाते. म्हणून जागल. जानेवारीतल्या दोन रात्री मी एका काकांबरोबर आणि त्यांच्या पुतण्याबरोबर जागलीला बसलो. हातात बॅटरी, शेजारी वाजवायचा पत्र्याचा डबा, पुढ्यात शेकोटी आणि पायाशी त्यांचा कुत्रा.

पहिले दोन-तीन तास गप्पांत गेले. बारानंतर बोलणं आटलं आणि जांभया सुरू झाल्या. एवढ्या जवळून जांभई मी आधी कधी पाहिली नव्हती. काकांचा खालचा जबडा आधी सैल झाला. मग तोंड उघडत गेलं, श्वास आत जातच राहिला, छाती भरली, मान मागे गेली, डोळे घट्ट मिटले. क्षणभर सगळं तिथंच थांबलं. मग एक छोटा उच्छ्वास, डोळ्यांच्या कडांना पाणी, आणि तोंडासमोर चुटकी. मी मनात मोजत होतो, सहा अंक झाले. माणसाची जांभई साधारण एवढीच असते.

डोळे उघडताच काकांनी पुतण्याला विचारलं, "आता तिकडं काही वाजलं काय रे?" हा प्रश्न ते प्रत्येक जांभईनंतर विचारत. त्याला कारण आहे. जांभई देताना मधल्या कानातला एक छोटा स्नायू आखडतो आणि तेवढा वेळ बाहेरचा आवाज मंद होतो. कान आणि घसा जोडणारी नळीही याच वेळी उघडते, म्हणून घाटात दडे बसलेले कान जांभईनं मोकळे होतात. डोळ्यांतलं पाणी येतं ते मिटलेल्या पापण्यांचा दाब अश्रुग्रंथींवर पडल्यामुळे. काकांना यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. पण जांभईत आपला कान घटकाभर जागलीवरून सुटतो, हे त्यांनी अनुभवानं ओळखलं होतं.

त्यांच्या मागोमाग पुतण्यानं जांभई दिली, मग मी, आणि थोड्या वेळानं कुत्र्यानंही. जांभई एकाची दुसऱ्याला लागते, पण लहान मुलांना ती सहसा चार-पाच वर्षांची झाल्यावरच लागू लागते. आपसूक येणारी जांभई मात्र त्याच्या कितीतरी आधीची. आईच्या पोटातलं बाळसुद्धा जांभई देताना सोनोग्राफीत दिसतं. कुत्र्याचंही नवल नाही. २००८ साली लंडनच्या बर्कबेक कॉलेजातल्या संशोधकांनी २९ कुत्र्यांसमोर माणसाला जांभया द्यायला लावल्या, तेव्हा २१ कुत्र्यांनी जांभई देऊन उत्तर दिलं.

पुतण्या म्हणाला, "सरांनं सांगतलं होतं, रक्तातला ऑक्सिजन कमी पडला का जांभई येते." आपण सगळेच हे शिकलो. पण अमेरिकेतले संशोधक रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी १९८७ साली ते तपासून पाहिलं. त्यांनी काही जणांना शुद्ध ऑक्सिजन दिला, काहींना जास्त कार्बन डायऑक्साइड असलेली हवा. श्वासाचा वेग बदलला, जांभयांची संख्या बदलली नाही.

मग जांभई कशासाठी? शेवटचं उत्तर अजून ठरलेलं नाही. अँड्र्यू गॅलप या संशोधकाचं म्हणणं असं की जांभई मेंदूला गारवा देते. आत जाणारी थंड हवा आणि जबड्याच्या ताणानं वाढणारा रक्तप्रवाह यांमुळे तापलेला मेंदू थोडा निवतो. त्यांच्या प्रयोगात कपाळावर थंड पट्टी ठेवलेल्यांना दुसऱ्याची जांभई फारशी लागली नाही. यावर वाद आहे. एवढं मात्र नक्की की झोपेआधी आणि जाग आल्यावर, म्हणजे मेंदू एका अवस्थेतून दुसरीत जाताना, जांभया सर्वांत जास्त येतात. काका वावराला फेरी मारायला उठत, तेव्हा आधी आळोखेपिळोखे देत एक मोठी जांभई देत आणि मगच बॅटरी उचलत. विमानातून उडी मारण्याआधी छत्रीधारी सैनिकही जांभया देतात, असं प्रोव्हाइन यांनी नोंदवलं आहे. अशा वेळी जांभई आळसाची कशी म्हणायची? शरीर कंबर कसत असतं.

दुसऱ्या रात्री मी दात घट्ट आवळून जांभई दाबून पाहिली. ती अर्धीच अडकली, छातीत काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहिलं, आणि तोंड उघडल्यावरच सुटका झाली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, अडवू नयेत असे तेरा वेग सांगितले आहेत. त्यांत भूक, तहान आणि झोपेबरोबर जृंभा म्हणजे जांभईही आहे. तरी शाळेत, बैठकीत, पाहुण्यांसमोर आपण तिला अपमान समजतो आणि मुलांना रागावतो. हे चूक आहे. तोंडासमोर हात धरावा आणि जांभई पूर्ण देऊ द्यावी.

पहाटे साडेतीनला काकांना लागोपाठ तीन जांभया आल्या. "तीन झाल्या. आता तू बस, मी घटकाभर पडतो," ते पुतण्याला म्हणाले आणि घोंगडी ओढून आडवे झाले. हा त्यांचा नियम. पहाटेच्या सुमारास शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं आणि झोपेचा जोर सर्वांत जास्त असतो. त्या वेळी एकामागून एक येणारी जांभई सांगत असते की आता मेंदूचा भरवसा धरू नका.

जागलीवरून मोटारसायकलनं घरी निघणाऱ्यांनी, रात्रीच्या लाईनवर ओलीत करणाऱ्यांनी, ट्रक चालवणाऱ्यांनी काकांचा हा नियम पाळावा. रात्रीची झोप पुरेशी होऊनही दिवसभर जांभया येत असतील, तर डॉक्टरांना दाखवावं. आणि पहाटे तिसरी जांभई आली, तर किल्ली फिरवण्याआधी किंवा मोटारीच्या बटणाला हात लावण्याआधी अर्धा तास डोळा लावावा. हरभरा पुढच्या वर्षीही पेरता येईल.